पिनियन सील बदलूनही मागचं हाउसिंग गळतंय: तिसरं सील टाकण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: मागच्या चाकांवर चालणारी डिझेल गाडी, सव्वा लाख किलोमीटर झालेले. डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना फिरवणारी गिअरची पेटी, तिच्या तोंडाशी तेल दिसलं म्हणून पिनियनचं (फिरणं आत नेणाऱ्या पुढच्या लहान गिअरचं) ऑइल सील बदललं. तीन महिन्यांत पुन्हा तेल. एक मेकॅनिक म्हणतो सील डुप्लिकेट निघालं, दुसरा म्हणतो आख्खं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, बदला. करायचं काय?

सध्या दोन्ही नको. सील नकली असू शकतं, नाही असं नाही. पण इतक्या लवकर दुसऱ्यांदा गळती लागली, की बहुतेक वेळा सीलला गळायला लावणारं काहीतरी तसंच राहिलेलं असतं: बुजलेला ब्रीदर (हवा सोडणारी टोपी), जास्त भरलेलं तेल, फ्लँजवर (पिनियनच्या टोकावर शाफ्ट जोडायच्या चकतीवर) पडलेली चर, नाहीतर ढिलं झालेलं पिनियन बेअरिंग. यातलं एकही कारण शिल्लक असेल तर तिसरं सीलही त्याच वाटेने जाईल. आणि हाउसिंग बदलायचं ते फक्त त्याला तडा गेला असेल किंवा ते वाकलं असेल तर. तोपर्यंत तो खर्च वायाच.

पुढचं सगळं मागे आडवा, अखंड एक्सल असलेल्या गाड्यांसाठी आहे. बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, टवेरा, क्वालिस, इनोव्हाची जुनी मॉडेलं, ओम्नी, ईको या त्या जातीच्या. स्विफ्ट किंवा आय-टेनसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागे डिफरेन्शियलच नसतं. तिथे मागे तेल दिसलं तर ते ब्रेकचं किंवा शॉक अॅब्सॉर्बरचं असणार.

आधी पातळी आणि ब्रीदर

गाडी सपाट जागेवर उभी करा आणि थंड होऊ द्या. हाउसिंगला दोन प्लग असतात. वरचा भरण्याचा, तळाचा तेल काढण्याचा. नेहमी भरण्याचा प्लग आधी उघडून बघायचा. खालचा उघडून तेल ओतून टाकलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच अडकली. प्लग उघडला की करंगळी आत घाला. तेल भोकाच्या खालच्या काठाला लागलं पाहिजे. प्लग सोडताक्षणी तेल धारेने बाहेर आलं तर ते जास्त भरलेलं होतं, आणि तीन महिन्यांच्या गळतीचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा विचार इथे चालत नाही. क्राउन व्हील (पिनियन ज्याला फिरवतो ते मोठं गिअर) तेलात बुडून फिरतं आणि तेल उडवतं. पातळी वर गेली की ते तेल एक्सलच्या नळ्यांतून दोन्ही टोकांच्या सीलपर्यंत पोचतं आणि फेसही होतो.

मग ब्रीदर. हाउसिंगच्या नळीवर, वरच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी टोपी असते; काही गाड्यांत तिथून रबरी नळी वर चासीपर्यंत नेलेली असते. तिचं काम एकच, आतला दाब बाहेरच्या हवेइतका ठेवणं. हाउसिंग सकाळी ३० अंशांवर असेल आणि घाट चढून ९० अंशांवर गेलं, तर कोंडलेल्या हवेचा दाब सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे अंदाजे ०.२ बार. ऐकायला किरकोळ वाटतं. पण लिप (रबरी ओठ) असलेलं साधं सील तेलाचा शिडकावा अडवायला बनवलेलं असतं, दाब नाही. ब्रीदर बंद असेल तर जे सील सगळ्यात कमजोर, तिथून तेल बाहेर पडतं. ते पिनियनला असेल किंवा डाव्या चाकाला. म्हणूनच एक सील बदललं की दुसरं गळू लागतं आणि लोक सीलच्या कंपनीला नावं ठेवतात.

कोकणातल्या लाल मातीत आणि उसाच्या शेतरस्त्यांवर ब्रीदर बुजायला एक पावसाळा पुरतो. टोपी बोटाने फिरते का पाहा, हलवल्यावर खुळखुळते का ऐका. गच्च बसली असेल तर सोडवा, डिझेलमध्ये भिजवा, हवा मारा. रंगकाम करताना तिच्यावर रंगाचा थर बसवणारेही कमी नाहीत. शंका राहिली तर नवीच लावा, स्वस्त वस्तू आहे.

ब्रीदर बंद असण्याचा उलटा तोटा पाण्यात दिसतो. तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या किंवा तुंबलेल्या रस्त्याच्या पाण्यात गेलं की एकदम थंड होतं, आतली हवा आकसते, आणि सीलच्या लिपवरून पाणी आत ओढलं जातं. करंगळीला लागलेलं तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी गेलेलं आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांपैकी एखादी तुम्ही सेकंडहँड घेतली असेल, तर ही तपासणी सगळ्यात आधी करा. पाण्याने गंजलेलं बेअरिंग नवं सील टाकून वाचत नाही.

तेल नेमकं कुठून येतंय

चालत्या गाडीखालची हवा तेल मागे ढकलते. त्यामुळे गिअरबॉक्सच्या शेपटीचं सील गळत असेल तरी तेल मागे हाउसिंगच्या नाकावर जमतं आणि दोष पिनियनवर येतो. उलट पिनियनचं तेल फ्लँजवरून गोल उडतं आणि वर गाडीच्या तळाच्या पत्र्यावर पट्टा उमटवतं. तो पट्टा फ्लँजच्या बरोबर वर असेल तर पिनियनकडे बोट दाखवायला हरकत नाही. नुसतं खालून ओलं दिसतंय एवढ्यावरून निदान करू नका.

हाउसिंग डिझेल आणि ब्रशने धुऊन काढा, ब्रेक क्लीनर मारून कोरडं करा, आणि सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. गाडी १५-२० किलोमीटर चालवून लगेच खाली शिरा. पांढऱ्या पावडरवर ताजी ओल कुठून सुरू झाली ते स्पष्ट दिसतं. सुरुवात शोधायची, शेवट नाही. थेंब नेहमी सगळ्यात खालच्या बोल्टवर लटकतो, पण तो तिथे वरून आलेला असतो.

तेल कोणतं हेही पक्कं करा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो; एकदा हुंगला की विसरत नाही. चाकाच्या आतून ओल येत असेल तर ते एक्सल सीलचं गिअर ऑइल आहे की व्हील सिलिंडरचं ब्रेक ऑइल, हा प्रश्न पडतो. ग्लासभर पाण्यात त्याचा थेंब टाका. नेहमीच्या वापरातलं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, गिअर ऑइल वर तरंगतं. पाव मिनिटाची चाचणी आहे, पण तिच्यामुळे नको ते काम टळतं.

ओलसरपणा आणि गळती यांत फरक करा. सीलभोवती धूळ चिकटून काळा ओला थर झाला असेल, पण पातळी सहा महिन्यांत हलत नसेल, तर घाई नाही. प्रत्येक सर्व्हिसिंगला पातळी बघा. जमिनीवर थेंब पडत असतील तर काम काढा. आणि ब्रेकच्या ड्रममध्ये तेल गेलं असेल तर त्याच दिवशी गाडी थांबवा. एका चाकाचे लायनर तेलकट आणि दुसऱ्याचे कोरडे, अशी गाडी ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताच आडवी होते.

पिनियन: सील काढण्याआधीची दहा मिनिटं

सुरक्षेचं आधी. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे येणारा लांब दांडा) सोडला की गाडी गिअरमध्ये टाकून थांबत नाही, कारण गिअरबॉक्स आणि चाकांचा संबंधच तुटतो. शाफ्ट जागेवर असतानाही मागचं एकच चाक उचललं तर डिफरेन्शियलमुळे ते मोकळं फिरतं. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके किंवा विटा लावा आणि मागे एक्सलखाली दोन स्टँड ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही.

शाफ्टच्या आणि पिनियनच्या फ्लँजवर रंगाची एक आडवी रेघ मारा, म्हणजे परत जोडताना जोडी तीच राहील. बदलली तर कधीकधी ठरावीक वेगाला थरथर येते. चार बोल्ट काढा. शाफ्ट लोंबकळू देऊ नका, तारेने चासीला बांधा. क्रॉसचे (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचे) कप निसटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती टेप गुंडाळा.

आता फ्लँज हाताने धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवून पाहा. गोल फिरवताना थोडी मोकळीक जाणवणारच. ती क्राउन-पिनियनच्या दातांमधली असते आणि असायलाच हवी. पण वर-खाली किंवा आत-बाहेर किंचितही खेळ जाणवला तर बेअरिंग संपलंय किंवा नट ढिला आहे. लिपसमोर फ्लँज डगमगत असेल तर जगातलं कुठलंही सील टिकणार नाही. तिथे सीलचं काम थांबवून पिनियन बेअरिंगचं काम काढावं लागतं.

खेळ नसेल तर पुढची गोष्ट मोजण्याची, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हीच टाळली जाते. पिनियनची दोन्ही टेपर बेअरिंगं एका ठरावीक ताणाखाली बसवलेली असतात. त्याला प्रीलोड म्हणतात. तो मोजायचा तो फ्लँज फिरवायला लागणाऱ्या जोरावरून. मागची दोन्ही चाकं आणि ड्रम काढा, म्हणजे ब्रेकची ओढ राहणार नाही, आणि लहान मापाच्या काटेवाल्या टॉर्क रेंचने नट संथ फिरवत आकडा वाचा. तसा रेंच नसेल तर स्प्रिंगचा वजनकाटा चालतो. फ्लँजच्या गोलाईवर दोरी गुंडाळून काट्याने एकसारखी ओढा. दोरी ५ सेंटिमीटर त्रिज्येवर असेल आणि काटा दीड किलो दाखवत असेल, तर टॉर्क ७.५ किलो-सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ०.७५ न्यूटन-मीटर. हलक्या गाड्यांत वापरलेल्या बेअरिंगवर नुसत्या पिनियनचा आकडा साधारण ०.५ ते १ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, नव्या बेअरिंगवर त्याच्या दुप्पट. तुमच्या गाडीचा खरा आकडा तिच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला. आकडा लिहून ठेवा. नट, पिनियनचं टोक आणि फ्लँज या तिन्हींवर एकाच रेघेत टोच्याने खूण करा.

तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. हे काम एकदा होऊन गेलेलं आहे, आणि तेव्हा नट कसा आवळला हे माहीत नाही. म्हणजे आत्ता मिळणारा आकडा मूळ आकडा नसेलही. तो मॅन्युअलच्या मापाशी ताडून पाहा. खूप जास्त निघाला, तर मागच्या वेळी एअर गनने नट ठासला असण्याची शक्यता मोठी आहे.

नट, फ्लँज आणि ती चर

नटाची कड पिनियनच्या खाचेत ठोकून बसवलेली असेल तर आधी ती छिन्नीने उघडा, नाहीतर पिनियनचे आटे जातात. नट काढताना फ्लँज धरून ठेवायला लोखंडी पट्टी दोन बोल्टनी फ्लँजला जोडा आणि तिचं दुसरं टोक जमिनीवर टेकवा. खाली परात ठेवा, थोडं तेल येईल. फ्लँज दोन पायांच्या पुलरने ओढा. मागून हातोडी मारलीत तर फ्लँज वाकतो आणि बेअरिंगच्या रोलरचे ठसे रेसवर (रोलर ज्यावर फिरतात त्या कड्यावर) उमटतात.

फ्लँज हातात आला की पुसून स्वच्छ करा आणि सीलची लिप जिथे घासते त्या गोलाईवर नख फिरवा. नख अडकलं तर तुमचा चोर सापडला. सव्वा लाख किलोमीटरला लिपने लोखंडात बारीक खोबण पाडणं अगदी नेहमीचं आहे. लिपखाली अडकलेली धूळ कानशीसारखी काम करते. नव्या सीलची लिप बरोबर त्याच खोबणीत बसते, तिला हवा तसा दाब मिळत नाही, आणि काही आठवड्यांत ओल सुरू होते.

इलाज तीन. सगळ्यात चांगला, नवा फ्लँज. दुसरा, दुरुस्तीची स्लीव्ह: पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची स्टीलची बांगडी, ती घासलेल्या जागेवर ठोकून बसवायची, इतकी पातळ असल्याने मूळ मापाचंच सील चालतं. तिसरा, जागा असेल तर सील एक-दीड मिलिमीटर वर किंवा खाली बसवणं, म्हणजे लिप कोऱ्या जागेवर येते. पण फार खोल ठोकलं तर सीलमागच्या बेअरिंगकडचं तेल परत नेणारी वाट बंद होऊ शकते, तेव्हा आधी आत डोकावून बघा.

नुसता गंज किंवा हलकी खरखर असेल तर ४०० किंवा ६०० नंबरचा पॉलिश पेपर गोल फिरवून घासा. पेपर कडेकडे सरकवत घासू नका. तसं केलं की गोलाईवर स्क्रूच्या आट्यांसारखे बारीक तिरपे ओरखडे पडतात आणि फिरताना ते तेल बाहेर ढकलतात. हे नीट न सांगितल्यामुळे चांगले फ्लँज वाया जातात.

आणखी एक जागा जवळजवळ कायम सुटते: स्प्लाइन, म्हणजे पिनियनच्या दांड्यावरच्या लांब खाचा, ज्यांत फ्लँज अडकतो. सील ठणठणीत असतं, पण तेल पिनियनच्या स्प्लाइनच्या खाचांतून सरकत नटाखालून, फ्लँजच्या मधोमध बाहेर येतं आणि गोल उडतं. बाहेरून हुबेहूब सील गळल्यासारखं दिसतं. नट आणि वॉशरभोवती आतून ओल असेल, तर परत बसवताना स्प्लाइनच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर आणि वॉशरखाली सीलंटचा पातळ हात फिरवा. तीन महिन्यांनी परत आलेल्या गळत्यांमध्ये हे प्रकरण बऱ्यापैकी निघतं.

सील बसवणं

जुनं सील पुलरने किंवा कडेला टोचा अडकवून काढा, पण भोकाच्या भिंतीला ओरखडा पडू देऊ नका. सीलवर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ४०-७२-१०: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. आतला-बाहेरचा जुळला की झालं असं समजून जाडीकडे दुर्लक्ष करतात. पातळ सील आत तिरकं बसतं. काही सीलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. अशा सीलच्या लिपवर तिरप्या रेघा असतात आणि त्या तेल आत ढकलतात. उलट्या दिशेचं सील तेच तेल बाहेर ढकलेल. बाण असेल तर गाडी पुढे जाताना फ्लँज ज्या दिशेने फिरतो ती दिशा आणि बाण एकच हवेत.

स्प्रिंग असलेली बाजू नेहमी तेलाकडे. बाहेरची छोटी लिप धुळीसाठी असते. दोन्ही लिपांमध्ये ग्रीस भरा, मुख्य लिपला गिअर ऑइल लावा. कोरडी लिप पहिल्या काही फेऱ्यांतच जळते. स्प्रिंगवर थोडं ग्रीस थापलं तर ठोकताना ती उडून आत पडत नाही. सीलची बाहेरची कड उघड्या पत्र्याची असेल तर तिथे सीलंटची पातळ फिल्म द्या. रबर चढवलेली असेल तर काहीच लावू नका. ठोकायला सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढी मोठी गोटी (सॉकेट) किंवा पाइपचा तुकडा घ्या आणि सगळीकडून सारखं, मूळ सील जेवढं आत होतं तेवढंच बसवा. हातोडीने थेट कडेवर ठोकलेलं सील वाकतं. त्याचं वाकणं दिसत नाही, गळणं दिसतं.

नट आवळणं

आता या कामातली सगळ्यात महागडी चूक. दोन बेअरिंगांच्या मध्ये बहुतेक गाड्यांत चेपणारी स्लीव्ह असते. नट आवळताना ती चेपली जाते आणि नटाला कायम मागे रेटत राहते. त्या रेट्यावरच प्रीलोड टिकतो. काही एक्सलमध्ये तिच्याऐवजी कडक नळी आणि शिम (पातळ चकत्या) असतात. तिथे नट ठरलेल्या पूर्ण टॉर्कला आवळायचा, काम झालं.

चेपणारी स्लीव्ह असेल तर नवा नट घ्या. काढण्याआधी जुन्या नटाबाहेर पिनियनचे किती आटे दिसत होते ते मोजलं असेल तर उत्तम. नट हाताच्या पान्याने खुणेपर्यंत आणा, आणि मग एका वेळी जेमतेम पाच अंश पुढे. प्रत्येक वेळी पिनियन बरंच फिरवून बेअरिंग बसू द्या आणि वजनकाट्याने पुन्हा मोजा. सुरुवातीच्या आकड्यावर किंवा त्याहून ०.३ ते ०.५ न्यूटन-मीटर वर आला की थांबा. नव्या सीलची ओढ त्यातच धरलेली आहे.

पुढे गेला तर नट मागे फिरवून आकडा जुळवू नका. स्लीव्ह एकदा जास्त चेपली की परत फुगत नाही. नट सैल केला तर आकडा बरोबर दिसेल, पण नटामागचा रेटा नाहीसा झालेला असेल. काही महिन्यांत नट सुटत जातो, पिनियन पुढे-मागे सरकू लागतो, दात चुकीच्या जागी घासतात आणि गाडी रेस दिल्यावर रडू लागते. तेव्हा क्राउन-पिनियनची जोडीच बदलावी लागते. जास्त आवळलं गेलं तर फ्लँज, सील आणि बाहेरचं बेअरिंग काढून नवी स्लीव्ह टाकणं हा एकच रस्ता. बऱ्याच एक्सलमध्ये हे पुढूनच होतं, गोळा (डिफरेन्शियलचा आतला गिअरचा संच) उतरवावा लागत नाही. मात्र नवी स्लीव्ह चेपायला सुरुवात करायला भरपूर जोर लागतो, तेव्हा लांब पाइप आणि फ्लँज धरणारी पट्टी भक्कम हवी. एअर गन नट काढायला चालेल, आवळायला अजिबात नाही. तुमचा मोजलेला आकडा मॅन्युअलच्या फार वर असेल, तर सील बदलतानाच ही स्लीव्हही बदलून घ्या.

शेवटी नटाची कड खाचेत ठोका.

गळती चाकाकडे असेल तर

एक्सल सीलची ओळख म्हणजे रिमच्या आतल्या बाजूवर उडालेल्या तेलाच्या रेषा आणि ड्रमखालून आलेली ओल. एकच बाजू पुन्हा पुन्हा गळत असेल तर गाडी रोज कुठे उभी राहते ते बघा. एका अंगाला कललेल्या जागेवर रात्रभर उभी राहिली की सगळं तेल त्या बाजूच्या सीलवर टेकतं, आणि घासलेलं सील तिथेच हार मानतं.

चाक आणि ड्रम काढल्यावर एक्सलच्या फ्लँजमधल्या भोकातून गोटी घालून मागच्या प्लेटचे चार नट सोडवता येतात. एक्सल बाहेर यायला कुरकुर करतो. ओढायचं हत्यार नसेल तर ड्रम उलटा करून दोन-तीन नटांवर ढिला अडकवा आणि झटका देऊन बाहेर ओढा. ड्रमच हातोडीचं काम करतो. ब्रेकची नळी वाकणार नाही याकडे लक्ष ठेवा.

ज्या एक्सलवर बेअरिंग दाबून बसवलेल्या कॉलरने अडवलेलं असतं, तिथे कॉलरला ग्राइंडरने जवळजवळ आरपार चीर पाडा आणि छिन्नीने फोडा. चीर एक्सलला लागू नये. गॅसने कापू नका. एक्सलचा कडकपणा त्या उष्णतेने जातो, आणि असा एक्सल पुढे कधीतरी तिथेच तुटतो, चाकासकट. नवी कॉलर प्रेसवरच बसवायची, जुनी पुन्हा वापरायची नाही. बेअरिंग खडखडत असेल तर तेही त्याच वेळी बदला. एक्सलवरची लिपची जागा नखाने तपासा, फ्लँजसारखीच.

एक्सल परत घालताना त्याचं वजन हाताने पेलून सरळ आत न्या. टोकावरचे स्प्लाइन नव्या लिपवरून घासत गेले तर सील बसवतानाच फाटतं, आणि ते कळायला आठवडा जातो.

तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत लावण्याची सवय वाईट. वरून कोरडे दिसतात, ब्रेक तापले की आतलं तेल पुन्हा वर येतं. दोन्ही बाजूंचे लायनर एकदम बदला.

बाकीच्या जागा

मागचं झाकण किंवा पुढचा गोळा जिथे हाउसिंगला मिळतो त्या सांध्यातून गळत असेल तर काम सोपं आहे, फक्त कंटाळवाणं. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडा, दोन्ही पृष्ठं तेलविरहित करा. पत्र्याचं झाकण असेल तर सरळ पट्टी लावून बघा. जास्त आवळल्यामुळे बोल्टच्या भोकांभोवती ते आत दबलेलं असतं, ते सपाट ठोकून घ्या. सिलिकॉनची तीन मिलिमीटरची अखंड रेघ भोकांच्या आतल्या बाजूने द्या आणि ८ मिलिमीटरचे बोल्ट असतील तर समोरासमोर, साधारण २५ न्यूटन-मीटरला. जास्त सिलिकॉन म्हणजे जास्त खात्री नव्हे. आत पिळून आलेली गोळी तुटून बेअरिंगकडे जाते. ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्या, शक्यतो रात्रभर, मगच तेल भरा.

तळाच्या प्लगचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवा घाला. प्लगला चुंबक असेल तर त्यावरची राखाडी, मऊ पेस्ट नेहमीची. टोकदार कण किंवा दातांचे तुकडे निघाले तर गोळा उघडून पाहणं आलं.

पाट्यांच्या (सस्पेन्शनच्या लीफ स्प्रिंगच्या) बैठकीजवळ, वेल्डच्या कडेने केसाएवढा तडा गेला असेल, तर तिथे पावडरवर बारीक ओली रेघ उमटते. जास्त भार वाहणाऱ्या गाड्यांत हे दिसतं. एपॉक्सी लावून घर गाठता येतं, एवढंच. तडा मोठा असेल तर वेल्डिंगआधी आतलं सगळं काढून हाउसिंग सरळ आहे का तपासून घ्या. दुसऱ्या मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरण्याची ही एकमेव परिस्थिती.

तेल

डिफरेन्शियलमध्ये हायपॉइड गिअर असतात, म्हणजे पिनियन क्राउन व्हीलच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. तिथे तेलाचा थर टिकवायला जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. बहुतेक गाड्यांना ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९०. मॅन्युअल म्हणेल ते. दुकानात नुसतं ‘नव्वद नंबर द्या’ म्हणू नका, जीएल-४ डबाही त्याच नावाने हातात पडतो. गळती थांबवण्यासाठी जाड तेल भरणं किंवा सील फुगवणारं औषध टाकणं म्हणजे काम पुढे ढकलणं. चर पडलेला फ्लँज औषधाने भरत नाही.

लहान-मध्यम गाड्यांना साधारण सव्वा ते अडीच लिटर लागतं. हातपंपाने भरा, भोकातून ओघळू लागलं की थांबा, पाच मिनिटं जाऊ द्या, पुन्हा पाहा आणि प्लग लावा. जास्त वाटलं तर जास्तीचं सांडू द्या.

काम झाल्यावर २० किलोमीटर चालवा आणि थांबून हाउसिंगच्या नाकाजवळ हात लावा. कोमट ते चांगलं गरम चालतं. बाकी हाउसिंगवर हात टिकतो आणि फक्त नाकावर चटका बसतो, असं असेल तर प्रीलोड जास्त झालाय. गाडी पुढे चालवू नका. रेस दिल्यावर किंवा सोडल्यावर आधी नसलेली शिटी ऐकू आली तरी तेच. सगळं ठीक असेल तर पुन्हा पावडर भुरभुरवा आणि १०० आणि ५०० किलोमीटरला खाली एकदा डोकावून पाहा. पहिल्या दिवशी लिपपाशी दिसणारा किंचित ओलावा बसवताना लावलेल्या ग्रीसचाही असतो; पुसून टाका. पुन्हा आला, तर स्प्लाइनपासून शोध सुरू करा.